रानात नेण्याची तीन हत्यारं



भात घरात आलं, झोडणी उरकली, वाल पेरून झाले. हात जरा मोकळे आहेत, म्हणून आज पिकाचं न लिहिता कमरेला असतं त्याचं लिहितो.

झालं असं की गेल्या आठवड्यात पुण्याहून पुतण्या आला. मित्रांबरोबर ढवळे गावातून चंद्रगड बघायचा आणि तिथनं ढवळे घाटानं वर महाबळेश्वरच्या आर्थर सीटला, म्हणजे जुन्या मढीमहालाला चढायचं, असा त्यांचा बेत. वाट पोलादपूर तालुक्यातलीच, आमच्या माहितीतली. चढ खडा, रान दाट, चुकलं तर रात्र रानातच काढावी लागते. पोरानं तयारी म्हणून मोबाईलवरून चाकूंचा संच मागवला होता. पडवीत बसून त्यानं पाच हत्यारं मांडली.

पहिला फूटभर लांबीचा. पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, टोपण फिरवलं की आत होकायंत्र, काडेपेटी आणि माशाचा गळ. दुसरी एवढीशी कुऱ्हाड. तिसरा घडीचा चाकू. चौथा दोन्ही बाजूंनी धारेचा, फेकून मारायचा म्हणे. आणि पाचवा साधा, चार इंच पात्याचा, नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीचा.

"काका, यातले कुठले नेऊ?"

मी म्हटलं, "सकाळी सांगतो."

लगेच सांगता आलं असतं, पण ते सांगायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती आणि ती मला आजवर नीट सांगता आलेली नाही. पुतण्याला सांगितली, आता तुम्हालाही सांगतो. कारण ती फक्त डोंगर चढणाऱ्यांच्या कामाची नाही. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

22 जुलै 2021. हा दिवस आमच्या भागात कुणी विसरणार नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली आणि 80हून जास्त माणसं गेली. आम्हाला त्याची खबर नंतर लागली. आमच्या वाडीत त्या संध्याकाळी वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती आणि पाऊस असा की शेजारच्या घरातली हाक ऐकू येईना.

आमचा गोठा तेव्हा ओढ्याच्या अंगाला होता. आबांच्या वेळेपासून तिथंच, पाणी जवळ म्हणून. दोन बैल, एक म्हैस, एक गाय आणि दीड वर्षाची तिची पाडी. दिवेलागणीला गेलो तर पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलेलं. म्हटलं, सोडून वर घेऊन जावं. पण गाठी सुटेनात.

ज्यानं जनावर बांधलंय त्याला हे सांगायला नको. नायलॉनचं दावं भिजलं आणि घाबरलेल्या जनावरानं मागं ताण दिला की गाठ दगडासारखी होते. नखं मोडली तरी हलत नाही. तोवर पाणी गुडघ्याला आलं. मी घरात धावलो, खुंटीवरचा कोयता काढला, बॅटरी दातात धरली आणि पहिल्या बैलाच्या दाव्यावर घाव घातला.

कोयता लाकडाला बनवलेलं हत्यार. फांदी जागेवर उभी असते, घाव खाते. दावं तसं नसतं. बैल मागं झाला की ताठ, पुढं झाला की सैल. सैल ओल्या दाव्यावर घाव बसला की ते नुसतं उसळी घेतं. तिसरा घाव निसटून माझ्याच डाव्या अंगठ्याच्या बुडाशी बसला. तेव्हा कळलंही नाही. चौथ्या-पाचव्या घावाला दावं तुटलं, बैल बाहेर पडला.

तेवढ्यात मागून बायको आली. तिच्या हातात भात कापायचा दातेरी वैभव विळा. तिनं तो दाव्याच्या मागून अडकवला आणि आपल्याकडं ओढला. एकच ओढ. बैल मोकळा. मग म्हैस. मग गाय. मी एक दावं तोडलं तेवढ्या वेळात तिनं तीन कापली.

पाडी सगळ्यात खालच्या अंगाला होती. तिकडची भिंत बसली होती आणि पाणी छातीला. बायको तिच्यापर्यंत पोचली आणि दावं कापलं, तेव्हा पाडी ते ओढत नव्हती.

मी पुष्कळदा हिशेब केला. विळा गोठ्यात मेढीला टांगलेला असता तर घरात धावत जाणं वाचलं असतं. कोयत्याचे पाच घाव वाचले असते. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. पाडीला तेवढीच हवी होती.

म्हणून पुतण्याला सकाळी पहिली गोष्ट सांगितली. हत्यार किती मोठं, किती भारी, हे नंतर. ते ज्या कामाचं आहे तेच काम त्याच्याकडून घे. आणि काम पडेल तेव्हा ते हाताशी असलं पाहिजे. बॅगेच्या तळाशी असलेला चाकू आणि दुकानात असलेला चाकू, अडचणीच्या वेळी दोन्ही सारखेच.

रानात कामं तीनच पडतात. तोडणं, कापणं आणि सोडवणं. तीन कामांना तीन हत्यारं पुरतात.

पहिलं, कोयता. तोडायला.

आपल्या कोकणपट्टीत राबासाठी कवळ तोडायला वर्षानुवर्षं हाच लागतो. टोकाला आत वळलेला, त्यामुळे घाव निसटत नाही आणि फांदी ओढूनही घेता येते. माझा मुठीसकट दीड फूट आहे आणि वजन पाऊण किलोच्या आत. यापेक्षा जड घेतला तर सकाळी बरा वाटतो, दुपारी मनगट बोलायला लागतं, आणि थकलेल्या हातानंच घाव चुकतो.

शक्यतो लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा बनवून घ्या. ते लोखंड मुळात धक्के खायलाच बनवलेलं असतं. पण पाणी बरोबर दिलंय का ते बघून घ्या. पाणी जास्त चढलं तर धार काचेसारखी टवके सोडते, कमी पडलं तर गाठीवर वळते. बारीक कानस धारेवर हलकी फिरवून बघा. कानस नुसती घसरली तर हत्यार फार कडक, लोण्यासारखी खात गेली तर फार मऊ. जेमतेम चावली तर बरोबर. मग पात्यावर बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे.

त्या जुलैत आम्ही वाडीतली बारा-पंधरा माणसं दोन रात्री वरच्या माळावर होतो. कोयत्याचं खरं मोल तिथं कळलं. कळकाच्या काठ्या तोडून ताडपत्रीला आधार केला. जळण सगळं भिजलेलं होतं, पण उभं वाळलेलं लाकूड बाहेरून भिजलं तरी आतून कोरडं असतं. पातं लाकडाच्या तोंडावर ठेवायचं, पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायचं, उभं चिरायचं. आतला गाभा निघाला की त्याच्या बारीक ढलप्या काढायच्या. वाळक्या कारवीच्या काड्या मिळाल्या तर आणखी चांगलं, त्या लवकर पेटतात. अशानं पहिल्या रात्री पोरांना पेज तरी गरम मिळाली.

फूटभराचा तो पोकळ मुठीचा चाकू हे काम करू शकत नाही. पातं मुठीत किती आत गेलंय ते बघा. ठोकण्याचा सगळा मार पात्याच्या आणि मुठीच्या सांध्यावर येतो. मूठ पोकळ म्हणजे तिथं धरायला काहीच नाही, सांधा तिथंच मोडतो. आणि मोडलेलं पातं कुठं उडेल सांगता येत नाही. पाठीवरचे करवतीचे दात लाकडात अडकतात, आणि पाठीवर ठोकताही येत नाही. पुतण्यानं चंद्रगडाला न नेता आमच्या अंगणातल्या सरपणावर तो आजमावला. आठव्या ठोक्याला मूठ हलायला लागली. मी काही बोललो नाही.

दुसरं, छोटा चाकू. कापायला.

त्याच्या पाचातला मला आवडलेला एकच, तो नारिंगी मुठीचा. चार इंच पातं, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, घडी नाही, पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं. कांदा चिरणं, सुतळी कापणं, काटा काढणं, पट्टी फाडणं, ढलप्या काढणं. रानातली दहातली आठ कामं एवढ्याशा चाकूची असतात. घडीचा चाकू खिशात सोयीचा असतो हे खरं, पण चिखल गेला की उघडत नाही आणि खटका नसेल तर जोर लावताना बोटावर मिटतो. नारिंगी मुठीला हसू नका. गवतात पडला तर काळा चाकू सापडत नाही, हा सापडतो.

हा चाकू गंजरोधक पोलादाचा असला तरी चालतो. आपल्या पावसात ते बरंच. कोयत्याचं लोखंड मात्र गंजणारच. वापरून झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. इंजिनचं जुनं तेल लावतात बरेच जण, पण उद्या त्याच पात्यानं फणस कापायचा असतो.

एक गोष्ट बागायतदार मित्रांसाठी. कलमाचा चाकू रानात नेऊ नका. कोय कलम करताना काप एका झटक्यात आणि सपाट आला पाहिजे, तरच काडी आणि रोप यांच्या सालीखालचा हिरवा थर नीट जुळतो. त्या चाकूनं एकदा सुतळी कापली, तारेला लागला, की धारेत बारीक खाच पडते आणि ती प्रत्येक कलमात उमटते. तो चाकू वेगळा, त्याची डबी वेगळी.

तिसरं, दातेरी विळा. सोडवायला.

हे हत्यार कुठल्याच संचात मी पाहिलं नाही, आणि माझ्या मते तेच आधी हवं. दोरी कापायला वजन लागत नाही, दात लागतात. गुळगुळीत धार ओल्या नायलॉनवर घसरते. दात त्यातला एकेक धागा धरतात. वळलेलं पातं दोरी आपोआप कवेत घेतं, ती निसटत नाही. घाव घालायचा नसतो, ओढायचं असतं, म्हणून अंधारातही नेम लागत नाही. आणि जनावर ताण देतं तो ताण इथं आपल्याच मदतीला येतो. टोक जनावराकडं नको, आपण उभे आहोत त्या बाजूनं बाहेर वळलेलं हवं. कापायचं ते मेढीपाशी नाही, गळ्यापासून हातभर अंतरावर. लांब दावं लोंबत राहिलं तर पुढं झुडपात किंवा पायात अडकून पुन्हा फास बसतो.

रानात हाच विळा बॅगेचा पट्टा वेलीत अडकला, पाय दोरीत गुंतला, तंबूची दोरी ओढ्यात गेली, अशा वेळी कामाला येतो. पुतण्यासाठी बायकोनं तिचा जुना विळा काढला. आम्ही त्याचं टोक कानशीनं गोल केलं, म्हणजे घाईत कुणाला टोचणार नाही.

आता या हत्यारांनी काय करायचं नाही तेही सांगतो. साप चावला तर चावल्या जागी चिरा देऊ नका. रक्त काढून विष निघत नाही, जखम मात्र वाढते. घट्ट बांधू नका, तोंडानं ओढू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि प्रतिसर्पविष मिळेल त्या दवाखान्यात न्या. विंचवाचंही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानं कोकणातली कितीतरी माणसं वाचली. चाकूच्या चिऱ्यानं विंचवाचा माणूस वाचल्याचं मी तरी पाहिलं नाही. रानात चाकूचं सगळ्यात मोठं काम कधी कधी म्यानात राहण्याचंच असतं.

ओल्या झाडालाही तेच लागू. राखीव जंगलात उभं झाड तोडणं हा गुन्हा आहे, आणि जळणाला ओलं लाकूड उपयोगाचंही नाही. पडलेलं, वाळलेलं घ्यावं.

नेताना कसं न्यायचं? कोयत्याला आपल्याकडं आकडी असतेच. कमरेला बांधली की कोयता पाठीमागं राहतो, चढताना मांडीला लागत नाही. पण एसटीत बसताना उघडा कोयता नको. ठिबकची जुनी नळी धारेएवढी कापा, उभी चिरा, धारेवर बसवा आणि रबरानं बांधा. विळ्यालाही हेच टोपण चालतं. फुकटचं म्यान आहे, गंज धरत नाही.

कायद्याचंही बघा. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंना शस्त्रांच्या यादीत धरलंय. घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. कोयता आणि विळा शेतीचे. पुतण्याचा फूटभराचा चाकू ना शेतीचा, ना स्वयंपाकाचा. वाटेत कुणी विचारलं तर काय सांगणार? तो घरीच ठेवायला सांगितला. फेकायचा चाकूही. रानात हातातलं हत्यार फेकून देणारा माणूस शहाणा नव्हे.

पोरं शनिवारी गेली. पुतण्याच्या कमरेला माझा दुसरा कोयता, खिशाजवळ तो नारिंगी चाकू, आणि बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून विळा, डाव्या हातानंही काढता येईल असा. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरहून फोन आला. सगळे सुखरूप. मी विचारलं, "काय काय लागलं?" म्हणाला, "काका, चाकू सारखा लागला. कोयता एकदाच. विळा लागलाच नाही."

म्हटलं, "बरं झालं. तो न लागणंच चांगलं."

पाडी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गोठा ओढ्यापासून वर घेतला. गाठ बदलली. आता ओढल्याबरोबर सुटेल अशीच गाठ मारतो, आणि तरीही दोन मेढींना दोन दातेरी विळे टांगलेले असतात. पोरांच्या हाताला लागणार नाहीत पण बायकोच्या हाताला पोचतील इतक्या उंचीवर. लावणीला आलेल्या बायकांनी विळा मागितला तरी ते द्यायचे नाहीत, असा घरात नियम आहे. ते भाताचे नाहीत.

शेवटी एक काम सांगतो. आज संध्याकाळी करा, दहा मिनिटं लागतात. नायलॉनचं जुनं दावं बादलीत तासभर भिजत घाला. मग मेढीला बांधा आणि दुसऱ्या टोकाला घरातल्या कुणाला तरी ओढायला सांगा, मधेच सैल सोडायला सांगा. कापणाऱ्याच्या शेजारी मात्र कुणी उभं राहू नका. आधी चाकूनं कापा, मग विळ्यानं. कोयत्याचा प्रयोग करू नका, तो मी केलेला आहे, अंगठ्यावर खूण आहे. कोणाला किती वेळ लागतो ते स्वतः मोजा. घरातल्या बाईमाणसाच्या हातीही विळा देऊन बघा, कारण ती वेळ येईल तेव्हा गोठ्यात तुम्हीच असाल असं नाही.

आणि मग विळा खुंटीवर परत नेऊ नका. तिथंच, गोठ्यात, टांगून या.